डोमनलालची पारख

डोमनलाल पटले याच्या घरी कोणी नवा पाहुणा आला की तो आधी त्याच्या पायांकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. लोकांना वाटायचं, माणूस भिडस्त आहे, मान वर करत नाही. भिडस्त कसला! पाहुणा कुठल्या पायावर भार टाकून उभा राहतो, उंबरठ्यात कुठला पाय आधी घालतो, अंगणातल्या चिखलातून पाय उचलून टाकतो की ओढत आणतो, हे सगळं त्याचं टिपून व्हायचं. पाण्याचा तांब्या पाहुण्याच्या हातात पडेपर्यंत डोमनलालने मनातल्या मनात त्याला कुठेतरी खेळायला उभं केलेलं असायचं, नाहीतर कायमचं बाहेर बसवलेलं असायचं. एकदा चुलतभावाच्या मुलीसाठी मुलगा बघायला त्याला तिरोड्याकडे पाठवलं होतं. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, पोरगा कसा आहे. डोमनलाल बराच वेळ विचार करून म्हणाला, "हाफले चालन. फॉरवर्डले नाई." त्याची बायको रामकली ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगायची आणि हसायच्या आधी कपाळावर हात मारून घ्यायची.

हे फुटबॉलचं वेड त्याने गोंदियाहून आणलं होतं. तरुणपणी तो तिथे रेल्वेत कोळशाच्या कामावर होता आणि संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर बॅकला खेळायचा. समोरचे बूट घालून, हा अनवाणी. एका पावसाळ्यात गुडघा असा काही फिरला की पुन्हा जागेवर आलाच नाही. त्याच वर्षी बाप वारला. नोकरी सुटली, गुडघा गेला, आणि गडी नवेगाव बांध या आपल्या गावी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, परत आला; काखेत एक जुना चामड्याचा चेंडू, शिवण उसवलेला. देश स्वतंत्र झाला त्या साली गावातली पोरं प्रभातफेऱ्या काढून काढून कंटाळली, तेव्हा त्याने तो चेंडू शिवून घेतला आणि आखरावर नेऊन टाकला. आखर म्हणजे गावची गुरं चरायला जाण्याआधी जमतात ती मोकळी जागा. गुरं गेली की शेण बाजूला सारायचं आणि खेळायचं. असा आमच्या नवयुवक क्लबाचा जन्म झाला, आणि अजूनही लोक त्याचं श्रेय प्रभातफेऱ्यांना देतात.

डोमनलालला स्वतः खेळता येत नव्हतं, पण संघ तोच निवडायचा. त्याने निवडलेला संघ कोणी मोडत नसे, अगदी कप्तान श्यामलालसुद्धा. श्यामलाल हा कुणब्यांचा, उंचापुरा, तोंडाचा फटकळ. गावात पाटलालाही उलटून बोलणारा. पण डोमनलाल आखरालगतच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दुखरा पाय पसरून बसला आणि बोलू लागला की हा समोर उकिडवा बसून मुकाट ऐकायचा.

कारण डोमनलालची पारख निराळी होती. आपण संघ बघतो म्हणजे अकरा माणसं बघतो. कोण पळतो, कोण जोरात मारतो, झालं. डोमनलाल म्हणायचा, चेंडू पायात असताना कोणीही चांगला दिसतो; चेंडू पायातून गेल्यावर माणूस काय करतो ते बघा. कोणी कमरेवर हात ठेवून उभा राहतो, कोणी दुसऱ्याला शिव्या देतो, आणि एखादा मुकाट्याने मागे धावत सुटतो. त्याला हा मागे धावणारा हवा असायचा. आणि अकरा मिळाले तरी त्याचं समाधान नव्हतं. प्रत्येकाच्या मागे दुसरा कोण, आणि त्या दुसऱ्याच्या घरी लग्न निघालं तर तिसरा कोण, हे ठरल्याशिवाय त्याला भाकर गोड लागायची नाही.

ही अक्कल त्याला फुकट आलेली नव्हती. क्लब नवा होता तेव्हा अर्जुनीला सामने होते, आणि आपले पुढे खेळणारे तिन्ही जण एकाच भावकीतले होते. एकापेक्षा एक चपळ. सकाळी निघायच्या वेळेला त्या भावकीतली एक म्हातारी गेली. कितीतरी वर्षं ती आज जाते, उद्या जाते करत होती; तिला नेमका तोच दिवस सापडला. सगळ्या भावकीला सुतक. तीन फॉरवर्ड डोकी भादरून ओसरीवर बसले आणि आपले आठ जण अर्जुनीला जाऊन गोल खाऊन आले, किती ते विचारू नये. येताना सगळे म्हातारीला दोष देत होते. डोमनलाल एकटाच म्हणाला, "बुढीचं का चुकलं? मायं चुकलं."

तेव्हापासून त्याचा नियम झाला. एका जागेचा पहिला आणि दुसरा एका भावकीतले ठेवायचे नाहीत. ऐकणारे हसले, पण पुढच्याच वर्षी दोनदा सुतक आलं आणि दोन्ही वेळा संघ पुरा गेला, तेव्हा हसणं थांबलं. मग तर त्याच्या हिशोबात काय काय यायला लागलं. कोणाच्या शेताला तलावाच्या पाण्याची पाळी कधी येते. कोणाचा साळा गोंदियात राहतो, म्हणजे सामन्याआधी तिथे जेवायला जाऊन कोण सुस्त होईल. ज्याची बायको माहेरी गेली आहे तो सरावाला जीव तोडून खेळतो, पण रविवारी हटकून सापडत नाही. असला संघ दुसऱ्या कोणाला निवडता आला असता असं मला वाटत नाही. गोंदियाच्या रेल्वेवाल्यांना तर नाहीच. त्यांना फक्त ड्युटी बघावी लागायची.

इतकं सगळं बघणाऱ्या या माणसाने एका जागेकडे मात्र कधी बघितलं नव्हतं. ती जागा म्हणजे गोल. तिथे पुरनलाल उभा राहायचा, आणि पुरनलाल त्याचा भाचा होता.

आमच्या मुलखाबाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागेल. तिकडे भाचा मामाकडे सुट्टीत येतो, लाड करून घेतो, क्वचित चार धपाटेही खातो. आमच्याकडे पोवारांच्या घरात भाचा म्हणजे देव. मामा वयाने कितीही मोठा असो, भाच्याच्या पाया तोच पडतो. भाच्याला ताट उचलू द्यायचं नाही, ओझं उचलू द्यायचं नाही, त्याला 'तू' म्हणायचं नाही आणि रागावायचं तर मुळीच नाही. डोमनलालची मोठी बहीण धनवंता नवरा गेल्यावर लेकराला कडेवर घेऊन भावाच्या दारात आली, तेव्हा डोमनलालने त्या रांगत्या पोराच्या पायांना हात लावून त्याला आत घेतलं होतं. पुढे पोरगा त्याच घरात वाढला, तरणाबांड झाला, तरी रीत चुकली नाही. दर सणाला, दर प्रवासाच्या आधी मामा वाकायचा. धनवंताला नवऱ्याच्या गावी काही उरलं नव्हतं. तिचं म्हणून जे काही मानाचं होतं, ते हे एवढंच.

क्लब निघाला तेव्हा पोरांनी चौदा वर्षांच्या पुरनलालला गोलात उभं केलं, कारण डोमनलालच्या भाच्याने धावून दमावं, हे कोणालाच बरं दिसेना. तेव्हाचा तो तिथेच राहिला. बाकीच्या जागांवर माणसं बदलली, कोणी बसलं, कोणी नागपूरला गेलं. गोल मात्र भाच्याचा.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. धान चुरून-मळून घरात आलं होतं, माघाचे दिवस होते. गोंदियाला धानाच्या गिरणीवाल्यांनी एक चांदीची ढाल ठेवली होती आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांचे संघ तिच्यावर डोळा ठेवून होते. त्या वर्षी नवेगाव पहिल्यांदाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलं. समोर होते रेल्वेवाले. ज्या मैदानावर डोमनलालचा गुडघा राहिला होता त्याच मैदानावर. त्याला ती ढाल किती हवी होती हे तो कोणाला बोलला नाही, पण त्या आठवड्यात तो घरच्या बैलांशीसुद्धा फुटबॉलचं बोलत होता, असं रामकली म्हणायची.

उपांत्य सामना आपण जिंकलो होतो खरा, पण धापा टाकत. आपण तीन मारले आणि दोन खाल्ले. ते दोन्ही जमिनीलगत, डाव्या बाजूने, अगदी सारखे. सोमवारी श्यामलाल पाळीवर आला तो उकिडवा बसलाच नाही, उभाच राहिला. डोमनलालने नेहमीप्रमाणे जागा सांगायला सुरुवात केली. बॅकला कोण, त्याच्या मागे कोण, डावीकडचा पुढचा सासरी जाणार म्हणतो तर त्याच्या जागी कोण. सगळं झालं. शेवटी म्हणाला, गोलवर पुरनलालजी आहेतच.

"आन त्याच्या मांगं कोन?" श्यामलालने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न डोमनलालला कोणी विचारला नव्हता, आणि त्याने स्वतःला तर नाहीच.

"साऱ्या गावाचे पाय पाह्यले तुमी," श्यामलाल म्हणाला. "मले सांगा, तुमचा भाचा कसा खेलते? खरं सांगा."

डोमनलालने तोंड उघडलं, आणि त्याला कळलं की आपल्याला सांगता येत नाही. वाईट खेळतो म्हणून सांगता येत नाही असं नव्हे. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तो श्यामलालवर भडकला. माझ्या घरचा मान तुला खुपतो, असं काहीबाही बोलला. श्यामलाल ऐकून घेऊन निघून गेला. पण ज्याला पारखीचा अभिमान असतो त्याला असा प्रश्न खड्यासारखा टोचतो. त्या दिवशी डोमनलाल जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी तो पाळीवर बसलाच नाही. लंगडत लंगडत आखराच्या टोकाला गेला आणि गोलच्या मागे जाऊन बसला. पोरांना वाटलं, आज चेंडू आणून द्यायला बसला असेल. पुरनलालने मागे वळून एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागला. मग डोमनलालने जे करायला घेतलं ते त्याला फार जड गेलं. ज्या पायांना आयुष्यभर हात लावला, ते पाय तो दुसऱ्या कोणाचे असावेत तसे बघू लागला.

टाचा रुतवून उभा. हे काही फार नाही, सांगितलं असतं तर दोन दिवसांत सुटलं असतं. चेंडू उजवीकडून आला तर बरा जातो. डावीकडून, खालून आला की डावा पाय आधी मागे घेतो, अंगाला काही लागू नये म्हणून माणूस घेतो तसा. आणि मग डोमनलाल थोडा बाजूला सरकला, तेव्हा त्याला भाच्याचं तोंड दिसलं. चेंडू जवळ आला की पुरनलाल डोळे मिटत होता. घट्ट. दर वेळी.

पोरगा घाबरत होता. आज नाही, चौदाव्या वर्षापासून घाबरत होता, आणि सात-आठ वर्षं तिथेच उभा होता, कारण तिथून त्याला कोणी बाहेर बोलावलं नाही. दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर डोमनलालने पहिल्याच आठवड्यात शिव्या घातल्या असत्या, डोळे उघडायला लावले असते, नाहीतर सांगितलं असतं, बाबा, तू हाफला जा. याला कोणी काही म्हणालं नाही. गोल खाल्ला तरी कोणी काही म्हणायचं नाही, बॅकवाले आपसांत भांडायचे. डोमनलालला आधी वाईट वाटलं आणि मग लाज वाटली, अंग चोरून बसावं इतकी. आपण याला मान दिला, त्यात बाकी सगळं द्यायचं राहून गेलं.

सरावाच्या शेवटी पुरनलाल पाणी प्यायला गेला, तेव्हा केवलराम नेहमीसारखा गोलात उभा राहिला. केवलराम दुसऱ्याचं शेत बटाईने करायचा आणि हाफला खेळायचा. त्याने डाव्या बाजूचे तीन-चार चेंडू उगीच, गप्पा मारत अडवले. डोमनलालने ते बघितलं आणि तो उठला.

घरी येऊन त्याने मनातलं सांगितलं, तेव्हा रामकली म्हणाली, श्यामलालकडून निरोप द्या, कप्तान आहे तो, तुमच्या तोंडाने कशाला. तिचंही बरोबर होतं. पण डोमनलालला ते पटेना. निवडलं मी, पारख माझी, तर सांगणारही मीच, दुसऱ्याच्या आडून नाही. संध्याकाळी दिवेलागणीआधी तो अंगणात पुरनलालच्या बाजेजवळ खाली बसला. बाजेवर बसायचं नाही, भाचा बसला असेल तर मामा खाली. तिथून, खालून, त्याने सांगितलं.

"भाचेजी, रविवारी गोलवर केवलराम राहीन."

आत चुलीपाशी धनवंताचा हात थांबला.

"तुमी डोरे मिटता," डोमनलाल म्हणाला. "डावीकडचा चेंडू आला का तुमी मिटता. आज पाह्यलं मी."

"आज पाह्यलं," पुरनलाल म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मामाजी, साऱ्याइचे पाय पारखले तुमी. माया पायाले निस्ता हात लावला."

तो उठून बाहेर निघून गेला. धनवंता दारात आली. ती मोठी बहीण होती, तिला बोलायचा हक्क होता आणि तिने तो वापरला. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी मला हाकललं, तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं, म्हणाली. माझ्या पोराचा मान तू गावासमोर उतरवणार. दुसऱ्या दिवशी तिने परसात तीन दगड मांडून आपली चूल वेगळी केली. एकाच घरातून दोन धूर निघू लागले आणि गावाला विचारायला काही उरलं नाही. डोमनलालने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. खरं बोललो ते मागे घेता येत नाही आणि बहिणीचं दुःखही खोटं नाही, इतकं त्याला कळत होतं. तो आपला बैलांना चारा घालायचा. ढालीचं नावही त्याने त्या दिवसांत काढलं नाही.

पुरनलाल सरावाला येत राहिला. हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. तो गोलात गेला नाही, बाजूला उभा राहून केवलरामकडे बघायचा. आणि एकदा सगळे गेल्यावर गावातल्या एकाला त्याने थांबवून घेतलं आणि डाव्या बाजूने चेंडू मारत राहायला सांगितलं. हे डोमनलालने पाळीवरून बघितलं. जवळ गेला नाही.

रविवारी सकाळी देवलगावच्या ठेसनावरून छोटी गाडी पकडायची होती. गावातून निघायची तयारी चालली होती, आणि केवलरामच्या घराकडून रडण्याचा आवाज आला. त्याचा काका पहाटे गेला होता. आजारी वगैरे काही नव्हता, काल संध्याकाळी बाजारातून मासे घेऊन आला होता. केवलराम ओसरीवर बसलेला, बाजूला न्हावी. डोमनलाल दारापर्यंत गेला, हात जोडून उभा राहिला आणि परत फिरला. श्यामलाल रस्त्यातच त्याची वाट बघत होता. विचारायची गरज नव्हती. केवलरामच्या मागे कोण, या प्रश्नाचं उत्तर आता एकच होतं, आणि ते आता घरी परसातल्या चुलीपाशी बसून भाकर खात होतं.

आजवर शंभरदा डोमनलाल त्या पोरासमोर वाकला होता, पण इतका अवघडलेला कधीच नव्हता. परसात धनवंताने त्याला बघून तोंड फिरवलं. त्याने घडलेलं सांगितलं. खोटं गोड बोलणं सोपं होतं. माझीच पारख चुकली, तुमच्याशिवाय गावाचं चालत नाही, असं म्हणता आलं असतं. धनवंताचीही तेवढ्यावर समजूत पटली असती.

"केवलराम नाई, म्हनून तुमाले बलावून रायलो," तो म्हणाला. "तो पयला, तुमी दुसरे. चालते का?"

पुरनलालने हातातला घास ताटात ठेवला. "दुसरा?"

"हो. दुसरा."

"मंग येतो," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. धनवंताने गोधडीखालून त्याचा धुतलेला सदरा काढून दिला.

सामन्याचं काय सांगायचं. मधे माणूस बदलायची सोय तेव्हा नव्हती. जो उभा राहिला तो शेवटपर्यंत. रेल्वेवाल्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच हेरलं की डावी बाजू मऊ आहे. चेंडू जमिनीलगत आला, पुरनलालने डावा पाय मागे घेतला, आणि गोल. मैदानाभोवती गोंदियाची माणसं ओरडली. आपल्या बॅकवाल्यांनी नेहमीसारखं आपसांत भांडायला घेतलं. पुरनलालने त्यांना हाताने थांबवलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, माझा. मग आपण एक परत केला, श्यामलालने, डोक्याने. उत्तरार्धात त्यांचा एक दांडगा गडी बूट वाजवत एकटा पुढे आला आणि त्याने पुन्हा तिथेच मारला. डोमनलाल गोलच्या मागे, जरा बाजूला बसला होता, त्याला तोंड दिसत होतं. डोळे उघडे होते. पांढरे दिसावेत इतके उघडे. चेंडू पुरनलालच्या छातीवर आदळला, तो आडवा झाला आणि चेंडूवर पडून राहिला. डोमनलालला त्या क्षणी ढाल आठवली नाही, हे त्याने नंतर रामकलीला सांगितलं, आणि त्याला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटत होतं.

शेवटी रेल्वेवाल्यांनी दुसरा मारला, वरच्या कोपऱ्यात. हरलो. ढाल गोंदियातच राहिली.

परतीच्या गाडीला वेळ होता. ठेसनावर सगळी पोरं पुरनलालभोवती जमली आणि त्याची समजूत काढू लागली. रेफ्री त्यांचाच होता. मैदान उतरतं होतं. बॅकने वाट अडवली नाही. तुझा काय दोष, तू देव माणूस. इतकी वर्षं जे बोलायचे तेच बोलत होते, आणि मनापासून बोलत होते. पुरनलालने ऐकून घेतलं. मग त्यांच्यातून वाट काढत तो फलाटाच्या टोकाला आला. तिथे डोमनलाल सामानाच्या पोत्यावर दुखरा पाय पसरून बसला होता. पुरनलाल त्याच्यासमोर खाली बसला, मामा वर आणि भाचा खाली. डोमनलाल घाईने उठायला लागला, तर त्याने हात धरून बसवलं.

"मामाजी, सांगा," तो म्हणाला.

डोमनलालने त्याच्याकडे बघितलं. छातीवर सदरा फाटला होता, चेंडूचा मातीचा गोल उमटला होता. पोराला समजूत नको होती, हे त्याला दिसलं. बावीस वर्षांत या पोराने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागू दिलंच नव्हतं कोणी.

"पयला गोल तुमचाच," तो म्हणाला. "पाय मांगं घेतला. तो घेतला नसता तं हातात होता."

"हो."

"दुसरा कोनाच्यानंच थांबला नसता. केवलरामच्यानंबी नाई. तो सोडून द्या." डोमनलाल पुढे सरकला, गुडघा दुखला तरी सरकला. मग तो त्या मधल्या चेंडूवर आला, आणि आता तो भाच्याशी बोलत नव्हता, एका खेळणाऱ्याशी बोलत होता. "तो अडवला तो बेस होता. पन मांगून पाहून रायलो होतो मी. तू टाचेवर होता. पंज्यावर असता तं छातीवर नसता घेतला, हातानं घेतला असता तूनं."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण 'तू' म्हणालो. तो चपापला आणि त्याने इकडेतिकडे बघितलं. चार पावलांवर पोरं उभी होती, त्यांनीही ऐकलं होतं. पुरनलालने मात्र मान वर केली नव्हती. तो फलाटावर आपले पाय जोडून, टाचा उचलून बघत होता.

"असा का?" त्याने विचारलं. "का आनखीन वर?"

"आनखीन," डोमनलाल म्हणाला, आणि वाकून त्याने त्याची टाच हातात धरून वर उचलली.